ब्लॉगवर कमावलेलं कौशल्य ऑफिसात आणि घरात कसं वापरायचं

नियमित ब्लॉग लिहिणारी माणसं रेझ्युमेच्या तळाशी, छंदांच्या ओळीत, 'ब्लॉगलेखन' एवढा एक शब्द टाकतात आणि विषय संपवतात. आठवड्याला एक लेख धरला तरी दोन वर्षांत शंभरावर लेख होतात. प्रत्येक लेखासाठी विषय निवडलेला असतो, माहिती पडताळलेली असते, मसुदा करून निम्मा खोडलेला असतो, मथळा चार वेळा बदललेला असतो. शिवाय ठरल्या दिवशी लेख टाकून आलेल्या प्रतिक्रियांना उत्तरंही दिलेली असतात. एवढं सगळं करणारा माणूस दुसऱ्या दिवशी ऑफिसात 'सोबतचे पाहावे' एवढ्या एका ओळीचा मेल पाठवतो, तेव्हा खरंच वाईट वाटतं.

असं होतं, कारण ब्लॉगने आपल्याला लिहायला शिकवलं एवढंच आपण धरून चालतो. त्याने शिकवलेली मोठी गोष्ट वेगळी आहे: ज्याच्यावर वाचण्याची कसलीही सक्ती नाही, अशा माणसासाठी काम करणं. वेबपानं लोक कशी वाचतात याचा अभ्यास वेबवापराचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या ७९ टक्के लोकांनी नवं पान नुसतं चाळलं, शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्केच निघाले. ऑफिसातला वाचकही असाच चाळतो. फरक इतकाच, की तो पान बंद करून निघून जाऊ शकत नाही, म्हणून 'नंतर बघतो' म्हणतो आणि तुमचं काम चार दिवस अडतं. ब्लॉगच्या वाचकासाठी घेतलेली काळजी या अडकलेल्या वाचकासाठी घ्यायची, हाच खालच्या सगळ्या कृतींचा गाभा आहे.

आधी मोजदाद

तुमचे शेवटचे पाच लेख उघडा आणि अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. प्रत्येक लेखासाठी तो तयार करताना काय काय केलं, ते क्रियापदांत लिहून काढा. उदाहरणार्थ, 'दोन ठिकाणी वेगवेगळे आकडे होते, मूळ अहवाल काढून खरा कोणता ते ठरवलं'. किंवा 'अडीच हजार शब्दांचा मसुदा बाराशेवर आणला'. किंवा 'वाचकाने चूक दाखवली, त्याच दिवशी लेखात दुरुस्तीची नोंद टाकली'. 'सर्जनशीलता', 'संवादकौशल्य' असली नामं लिहू नका. नामांतून पुढची कृती निघत नाही, क्रियापदांतून निघते.

मग प्रत्येक ओळीसमोर दोन रकाने आखा: हेच काम नोकरीत कुठे येतं आणि घरात कुठे येतं. काही ओळींसमोर रकाना रिकामा राहील, राहू द्या. ओढूनताणून भरलेल्या रकान्याचा उपयोग होत नाही. हा कागद जपून ठेवा, शेवटी रेझ्युमे करताना लागेल.

मथळा आणि पहिला परिच्छेद: इथे सर्वांत जास्त फायदा आहे

शोधयंत्राच्या निकालात लांब मथळे साधारण ६० अक्षरांच्या आसपास कापले जातात, हे ब्लॉगरला पाठ असतं. फोनवरच्या मेलच्या यादीत त्याहूनही कमी दिसतं. तरी सब्जेक्टची ओळ आपण 'संदर्भ', 'कृपया', 'मागील चर्चेनुसार' अशा शब्दांनी सुरू करतो आणि कामाचा शब्द नेमका कापल्या जाणाऱ्या भागात जातो. देवनागरीत आणखी एक अडचण आहे. मात्रा, हलन्त, अनुस्वार यांना संगणक वेगळी अक्षरं धरतो. 'क्ष' आपल्याला एक दिसतो, पण आत तीन चिन्हं असतात. त्यामुळे अक्षरं मोजत बसू नका. मेल स्वतःला पाठवा आणि फोनवर किती दिसतं ते पाहा.

सब्जेक्टसाठी क्रम असा ठेवा: आधी विषय, मग हवी असलेली कृती, मग मुदत. 'प्रिंटर करार: मंजुरी हवी, शुक्रवार दुपारी १२' हा सब्जेक्ट मेल न उघडताही काम सांगतो. ब्लॉगवर चालणारा उत्सुकतेचा मथळा, म्हणजे 'कराराबद्दल एक महत्त्वाची गोष्ट' वगैरे, ऑफिसात चिडचिड करतो. ब्लॉगवर वाचकाला आत ओढायचं असतं, इथे त्याला लवकर मोकळं करायचं असतं.

आता आतला मजकूर. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि 'काय करायचं' हे क्रियापदच सांगतं. वाक्य जितकं लांब, तितका वाचक मागणी कळेपर्यंत लोंबकळत राहतो. हे वाक्य पाहा:

'मागील आठवड्यात झालेल्या चर्चेच्या अनुषंगाने, तसेच लेखा विभागाने उपस्थित केलेले मुद्दे विचारात घेऊन, प्रिंटरच्या देखभाल करारासंबंधी प्राप्त झालेल्या दोन प्रस्तावांची तुलना सोबत जोडली असून त्यावर आपला निर्णय कळवावा ही विनंती.'

यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण 'निर्णय कळवावा' इथपर्यंत पोहोचायला सव्वीस शब्द ओलांडावे लागतात, आणि मुदत तर कुठेच नाही. हाच मजकूर ब्लॉगच्या सवयीने असा होईल:

'प्रिंटरच्या देखभाल करारासाठी तुमची मंजुरी हवी आहे, शुक्रवारी दुपारी १२ पर्यंत. सध्याचा करार रविवारी संपतो. त्यानंतर यंत्र बिघडलं तर दुरुस्ती कराराबाहेर धरली जाईल. दोन प्रस्ताव आहेत: एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा. मी एक वर्षाचा सुचवतो, कारण दोन यंत्रं पुढच्या वर्षी बदलायची आहेत. तुलना खालच्या तक्त्यात आहे. उत्तरात "एक वर्ष चालेल" एवढं लिहिलं तरी पुरेल.'

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. समोरच्याला चालत्या लिफ्टमधून तीन शब्दांत उत्तर देता आलं पाहिजे. एका मेलमध्ये एकच मागणी ठेवा. दोन मागण्या असल्या की सोपीचं उत्तर येतं, अवघड विसरली जाते, आणि आठवण करून देताना पुन्हा सगळा धागा उकलावा लागतो.

बैठकीच्या इतिवृत्तालाही हेच लागू. तिथे मराठीचा आणखी एक जुना दोष डोकं वर काढतो: 'करण्यात यावे', 'पाठवण्याचे ठरले'. कर्ता गायब, म्हणून काम कुणाचंच नाही. तीन रकाने पुरतात: काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. नाव न सापडलेली ओळ म्हणजे बैठकीत न ठरलेली गोष्ट. ती तशीच, 'जबाबदार व्यक्ती ठरायची आहे' असं लिहून पाठवा. इतिवृत्त त्याच दिवशी गेलं पाहिजे. दोन दिवसांनी प्रत्येकाला वेगळंच आठवतं.

घरच्या तक्रारपत्रातही हा क्रम उपयोगी पडतो. एखादं उपकरण नादुरुस्त निघालं की माणूस पहिल्या ओळीपासून मनस्ताप लिहितो. त्याऐवजी पहिल्या ओळीत मागणी लिहा (बदलून द्या, की दुरुस्त करा, की पैसे परत). मग खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक आणि यंत्रावरचा अनुक्रमांक. त्यानंतर काय बिघडलं ते तारखेनुसार. शेवटी उत्तर कधीपर्यंत हवं ते. मनस्ताप दोन ओळींत आटपा. पलीकडे पत्र वाचणारा कर्मचारी आधी क्रमांक शोधतो, आणि तो न सापडलेलं पत्र ढिगाच्या तळाशी जातं.

आपल्याला माहीत आहे, हीच अडचण

स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते.

ब्लॉगर हा धडा प्रतिक्रियांतून शिकतो. 'तिसऱ्या पायरीत ती सेटिंग कुठे आहे?' असं पाच जणांनी विचारलं की कळतं, आपण एक वाक्य गाळलं होतं. ऑफिसात प्रतिक्रिया देणारं कुणी नसतं. रजेवर असताना सहकारी फोन करत राहतात, तीच प्रतिक्रिया समजा.

म्हणून कामाची सूचनापत्रिका अशी तयार करा. काम प्रत्यक्ष करत करत पायऱ्या लिहा, आठवून लिहू नका. आठवणीत सवयीच्या हालचाली गळतात. एका पायरीत एकच क्रिया ठेवा. मग ते काम ज्याने कधी केलं नाही अशा सहकाऱ्याला कागद द्या आणि शेजारी गप्प बसा. अगदी गप्प. तो थांबला, मागे गेला, तुमच्याकडे पाहिलं की त्या पायरीवर खूण करा. तोंडी समजावलंत तर चाचणी वाया गेली, कारण कागदात सुधारणा झालीच नाही. बहुतेक खुणा तीन ठिकाणी पडतात: सुरुवातीला काय उघडं असायला हवं ते लिहिलेलं नसतं, पायरी जमली हे कशावरून ओळखायचं ते नसतं, आणि नाही जमली तर काय करायचं ते नसतं. प्रत्येक खुणेसाठी एक वाक्य वाढवा आणि दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा द्या. पहिल्याला आता पायऱ्या माहीत झालेल्या असतात, तो चालत नाही.

घरासाठी असाच एक कागद सगळ्यांनी करावा असं मनापासून वाटतं: घरात एकट्याने असलेल्या माणसाला संकटात लागेल तो. पाण्याची मुख्य झडप कुठे आहे, विजेचं मुख्य बटण कोणतं, गॅस कुठून बंद होतो. 'झडप बंद करा' एवढं पुरत नाही. गोल चाकाची झडप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर बंद होते. दांड्याची झडप, दांडा नळीला आडवा आला की बंद असते आणि नळीच्या रेषेत असला की चालू. असं लिहिलं तर घाबरलेल्या माणसालाही कळतं. सोबत दोन फोटो लावा: एक लांबून, म्हणजे खोलीतली जागा समजेल, आणि एक जवळून. नुसता जवळचा फोटो लावण्याची चूक फार होते. झडप सुंदर दिसते, पण ती घरात कुठे आहे हे कळत नाही. कागद फोनमध्येही असावा आणि छापून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही, कारण वीज गेल्यावर फोनची बॅटरी किती उरली असेल सांगता येत नाही.

प्रसिद्ध करण्याआधीची तपासयादी

'पब्लिश'चं बटण दाबण्याआधी मथळा, लिंक, फोटोचा हक्क, नावांचं शुद्धलेखन पाहण्याची सवय ही फार मोलाची आहे. ती इतर क्षेत्रांनी मोठी किंमत मोजून कमावली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचं मॉडेल २९९ हे विमान चाचणी उड्डाणात कोसळलं. वैमानिक अनुभवी होते, यंत्रं ठीक होती. जमिनीवर असताना वाऱ्याने हलू नयेत म्हणून नियंत्रक पाती अडकवून ठेवणारं कुलूप तसंच राहिलं होतं. त्यानंतर वैमानिकांसाठी लेखी तपासयादी आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या यादीत अवघे १९ मुद्दे आहेत. ज्यांना काम येतं त्यांच्याचसाठी अशी यादी असते. सरावलेला हातच पायरी गाळतो.

यादी करताना 'काय काय करायचं' हे लिहू नका. 'काय विसरतं आणि विसरल्यावर दुखतं' एवढंच घ्या. पाच ते नऊ मुद्दे ठेवा. प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही असंच येईल अशी भाषा हवी. 'मजकूर नीट आहे का' याला उत्तर नाही, 'तारीख आणि वार जुळतात का' याला आहे. महत्त्वाच्या मेलसाठी नमुना:

– जोडपत्र जोडलं का, आणि ते उघडून पाहिलं का?
– तारीख आणि वार जुळतात का?
– आकड्यांची बेरीज जुळते का, एकक लिहिलं आहे का?
– ज्याला पाठवतोय त्याच्या नावाचं शुद्धलेखन बरोबर आहे का?
– खाली ओढत आलेल्या जुन्या मेलमध्ये नव्या माणसाने पाहू नये असं काही आहे का?
– 'प्रति'मध्ये कृती करणारे आणि 'सीसी'मध्ये फक्त माहितीसाठी असलेले, असं आहे का?

पाचवा मुद्दा सर्वाधिक घातक आणि सर्वाधिक दुर्लक्षित. आणि प्राप्तकर्त्याचा पत्ता शेवटी भरा. अर्धवट मेल चुकून सुटण्याचा धोका तिथेच संपतो.

यादी कुजते, हेही लक्षात ठेवा. महिन्याभरात डोळे मुद्द्यांवरून घसरायला लागतात, हात आपोआप खुणा करतो. मोठ्याने वाचून खूण करा, किंवा यादी सहकाऱ्याला वाचायला सांगा आणि उत्तरं तुम्ही द्या. नवी चूक झाली की मुद्दा वाढवा, पण एक वाढवताना एखादा काढता येतो का तेही पाहा. वीस मुद्द्यांची यादी कुणी वापरत नाही.

खोडणं

मसुदा आणि अंतिम लेख यांत एक रात्र ठेवायची, हे ब्लॉगरला सवयीचं असतं. ऑफिसात तेवढा वेळ नसतो, पण अंतर वेळेचंच हवं असं नाही. मजकूर मोठ्याने वाचा, किंवा फोनला वाचून दाखवायला सांगा. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडा. पडद्यावरचा मजकूर छापून पाहा, नाहीतर अक्षराचा आकार बदला. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि नजर सरावलेल्या चुका उघड्या पडतात. मग पहिला परिच्छेद झाकून वाचा. मजकूर तरीही समजला तर तो परिच्छेद काढा. बऱ्याचदा आपण लिहायला सुरुवात करण्यासाठी म्हणून तो लिहिलेला असतो.

रागाच्या भरात लिहिलेल्या उत्तरासाठी मात्र रात्रच हवी. ते मेलच्या चौकटीत लिहूच नका, साध्या नोंदवहीत लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांच्या आत बदलता येतो, पण तोवर तो वाचला गेलेला असतो.

नियमितपणा कामाला लावताना

'मी दर आठवड्याला लिहितो' ही चिकाटी खरीच, पण तिच्या पोटात आणखी उपयोगी गोष्ट आहे: तुमच्याकडे नोंदी आहेत. कोणता मसुदा कधी सुरू केला, लेख कधी प्रसिद्ध झाला, याच्या तारखा आयत्या साठलेल्या असतात. कामाला लागणारा वेळ माणूस कमी धरतो, आणि मागचा अनुभव माहीत असूनही धरतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला 'प्लॅनिंग फॅलसी' (नियोजनातली चूक) असं नाव दिलं. त्यावरचा उपायही त्यांच्याच विचारात आहे: हे काम किती वेळ घेईल असं स्वतःला विचारू नका, अशा कामांनी मागे किती वेळ घेतला ते पाहा.

कृती अशी. मागची पाच सारखी कामं घ्या, प्रत्येकाला प्रत्यक्ष किती दिवस लागले ते चढत्या क्रमाने मांडा. समजा ३, ४, ६, ७, १२ आले. मधला आकडा ६, तोच अंदाज म्हणून सांगा. सर्वांत कमी आकडा सांगण्याचा मोह होतो, कारण तेव्हा आपण छान काम केलेलं आठवतं. सरासरीही टाळा, कारण बारा दिवसांचं एखादं फसलेलं काम तिला वर खेचतं. ज्या कामात उशीर परवडणारच नाही, तिथे ७ च्याही पुढचं, म्हणजे १२ धरून चाला.

दुसरी सवय शिलकीची. अनुभवी ब्लॉगर एक-दोन तयार लेख हाताशी ठेवतो, म्हणजे आजारपणात वेळापत्रक मोडत नाही. मासिक अहवालाचा सांगाडा, नेहमीच्या पाच प्रश्नांची उत्तरं, बदलीवर येणाऱ्या माणसासाठीची पत्रिका हे सारं मोकळ्या आठवड्यात करून ठेवता येतं. मात्र तयार मजकुरावर तारीख टाका. नाहीतर जुनं उत्तर नव्या नियमाप्रमाणेच असल्याचा भास होतो आणि घोटाळा होतो.

टॅग आणि कॅटेगरीची शिस्त फाइलींच्या नावांत आणा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, म्हणजे '२०२४-०३-०९' अशी, नावाच्या सुरुवातीला लिहिली की फाइली नावाने लावल्या तरी कालक्रमाने लागतात. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक हाच क्रम सांगतं. महिना आणि दिवस दोन अंकी हवेत, नाहीतर ऑक्टोबर फेब्रुवारीच्या आधी येऊन बसतो. 'अंतिम', 'अंतिम-नवीन', 'खरंच अंतिम' असली नावं टाळण्याचा तोच मार्ग. घरात वैद्यकीय कागदांसाठी हे लगेच करा: तारीख, व्यक्ती, कागदाचा प्रकार. डॉक्टरांसमोर बसून मागचा अहवाल अर्ध्या मिनिटात निघतो.

पडताळणी आणि प्रतिक्रिया

कुटुंबाच्या ग्रुपवर घाबरवणारा संदेश आला की ब्लॉगरची जबाबदारी वाढते, कारण मूळ स्रोत शोधायची सवय त्याला आहे. ऑनलाइन माहिती पडताळण्याचे अभ्यासक माइक कॉलफील्ड यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या इथे पुरतात: थांबा, सांगणारा कोण ते पाहा, हीच बातमी अन्यत्र शोधा, आणि उद्धृत, फोटो किंवा दावा मूळ जागी जाऊन तपासा. फोटो असेल तर चित्रावरून शोध घ्या. जुना फोटो नव्या घटनेला चिकटवणं हा सर्वांत सोपा खोटेपणा आहे. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाणाची खूण दिसली, तर तो संदेश बऱ्याच हातांतून आलेला असतो. पाठवणाऱ्या काकांना किंवा मावशींना ग्रुपवर सगळ्यांसमोर खोटं पाडू नका. त्यांना वेगळा निरोप द्या, सोबत खऱ्या माहितीची लिंक द्या, म्हणजे दुरुस्ती त्यांना स्वतःला टाकता येईल.

ऑफिसातली टीका ब्लॉगवरच्या प्रतिक्रियांसारखीच प्रकारानुसार वेगळी करा. तथ्याची चूक दाखवली असेल तर आभार, दुरुस्ती, आणि कुणाकुणाला चुकीची माहिती गेली होती त्यांना कळवणं, या क्रमाने. मतभेद असेल तर समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांडा आणि बरोबर समजलं का ते विचारा. निव्वळ खवचटपणाला उत्तर नको. पण ऑफिसात ब्लॉगसारखी प्रतिक्रिया पुसून टाकता येत नाही, म्हणून 'मुद्दा नोंदवला आहे' एवढी एक ओळ द्या.

आकडेवारीबद्दल थोडंच. वाचकसंख्येच्या मागे लागून लेख उथळ होतात हे ब्लॉगरने पाहिलेलं असतं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मापन आणि नियंत्रण यांबद्दल हाच इशारा दिला होता: ज्या आकड्यावर दबाव येतो तो विश्वासाचा राहत नाही. टीमने 'किती तक्रारी बंद केल्या' हे मोजायला घेतलं, तर शेजारी 'किती पुन्हा उघडल्या' हेही मोजायला लावा.

जे नेऊ नये ते

ब्लॉगच्या काही सवयी ऑफिसात त्रास देतात. 'मला वाटतं'ने सुरू होणारा जिव्हाळ्याचा सूर अहवालात निष्कर्ष कमकुवत करतो. रंगवून सांगितलेली सुरुवात वेळ खाते. आणि सर्वांत महत्त्वाचं: कामातला अनुभव ब्लॉगवर नेण्याआधी नोकरीच्या करारातलं गोपनीयतेचं कलम वाचा. नावं बदलली तरी तारखा, आकडे आणि पदं यांवरून ओळख पटते. सहकाऱ्याचा किस्सा घालायचा असेल तर त्याची परवानगी घ्या, आणि घरच्यांच्या बाबतीतही, विशेषतः मुलांच्या, तोच नियम पाळा.

रेझ्युमे आणि मुलाखत

आता तो मोजदादीचा कागद काढा. ज्या पदासाठी अर्ज आहे त्याच्या जाहिरातीतल्या अपेक्षा एका बाजूला लिहा आणि कागदातल्या दोन-तीन ओळी त्यांच्याशी जोडा. सगळ्या नकोत. 'ब्लॉगलेखन' ऐवजी असं लिहा: 'दोन वर्षं दर आठवड्याला तांत्रिक विषयांवर लेख, विषयनिवड, माहितीची पडताळणी आणि संपादन स्वतः.' आकडे तुमचे खरे असू द्या. वाचकसंख्या लहान असेल तर ती लिहू नका, सातत्य आणि लेखांची संख्या लिहा. मुलाखतीत एखादाच लेख घेऊन चार गोष्टी क्रमाने सांगा: परिस्थिती काय होती, करायचं काय होतं, तुम्ही काय केलं, काय झालं. यासाठी यशस्वी लेखापेक्षा चूक सुधारलेला लेख जास्त कामाला येतो, कारण मुलाखत घेणाऱ्याला तुम्ही चुकल्यावर कसे वागता ते कळतं.

संपूर्ण ब्लॉगची लिंक देण्यापेक्षा तीन निवडक लेखांच्या लिंका द्या. देण्याआधी ते तिन्ही पुन्हा वाचा, तुटलेल्या लिंका आणि परवानगी नसलेले फोटो काढा, बदललेल्या माहितीजवळ तारखेसह टीप टाका. मग लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता उघडून पाहा. लॉगिन असताना मालकाला आपला मसुदाही प्रसिद्ध लेखासारखाच दिसतो, आणि पलीकडच्या माणसाला 'पान सापडले नाही' असं येतं.